सुटलेली नोकरी आणि पहिले गिऱ्हाईक

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आम्ही मंडळाच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची गणती ठेवणे सोडून दिले. पाहुणे वक्ते ते उच्चारतात, श्रोते मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी कामावर वेळेवर पोहोचावयाचे म्हणून सारेजण चहा घेऊन लवकर घरी जातात. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘तरुणांनी उद्योगाकडे वळावे’ या विषयावर लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम हेच वाक्य आठवले. आमचे सारे आयुष्य नोकरीत गेले. तेव्हा उपदेशाचा अधिकार आम्हांस नाही. नोकरी सुटलेल्या मराठी माणसांनी आजवर काय केले, आणि त्या वेळी त्यांच्या हाताशी कोण होते, एवढेच पाहावयाचे योजिले आहे.

मराठी समाजावर ओढवलेली सर्वांत मोठी नोकरकपात, आमच्या मते, १८१८ सालची. त्या वर्षीच्या जून महिन्यात दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाख रुपयांची नेमणूक पदरात घेऊन गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिला. मागे राहिले ते शिलेदार, बारगीर, पागेवरचे लोक, किल्ल्यांवरचे शिबंदी आणि पुण्याच्या फडावरचे कारकून. काहींनी गावी जाऊन नांगर धरला, काही संस्थानिकांच्या चाकरीस लागले. लेखणीवाल्यांनी मात्र फारसा विचार न करता कंपनी सरकारच्या कचेरीची वाट धरली. हिशेब, मोडी अक्षर आणि पत्रव्यवहार ही त्यांची विद्या होती. तिला नवा धनी मिळाला. गेलेल्या नोकरीला उत्तर म्हणून दुसरी नोकरी, हा आपला परिपाठ त्या काळात पक्का झाला असावा.

जे बाजीरावाबरोबर बिठूरला गेले त्यांची कथा आपणांसारख्या दूरदेशी राहणाऱ्यांना अधिक जवळची वाटावी. मायभूमीपासून शेकडो कोस दूर मराठी कुटुंबांची ती एक वसाहतच होती, आणि तिची चूल एका माणसाच्या नेमणुकीवर पेटत होती. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला. लॉर्ड डलहौसीने ती नेमणूक दत्तकपुत्र नानासाहेबांस चालू ठेवण्याचे नाकारले. इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण सत्तावनच्या उठावाची पूर्वपीठिका म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी बिठूरच्या घरोघरी काय बोलणे झाले असेल, याचा विचार आमच्या मनात येतो. एकच कारखाना असलेल्या गावात भोंगा बंद पडल्यावर जे बोलणे होते, त्याहून ते फार निराळे नसावे.

आता उद्योगाच्या इतिहासाकडे वळू. येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घ्यावेच लागते. मात्र आपण ते ज्या रीतीने घेतो ती आम्हांस अपुरी वाटते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे त्याला काही रंगच नीट ओळखू येत नाहीत असे आढळले, आणि चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटन मात्र हाताशी राहिले, त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

एवढे सांगून वक्ते थांबतात आणि ‘स्वाभिमान’ या शब्दावर टाळ्या घेतात. पण राजीनामा देताना लक्ष्मणराव अगदी उघड्यावर पडले नव्हते. त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात होते आणि दोघा भावांचे सायकलींचे दुकान १८८८ पासून चालू होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवावा, रामूअण्णांनी तो विकावा आणि गिऱ्हाइकास सायकल चालविणेही शिकवावे, असा तो व्यवहार होता. नोकरीत असतानाच धंद्याचे रोप लावून ठेवलेले होते, आणि त्याला पाणी घालणारा भाऊ होता.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगराने चालत आलेल्या शेतीत हे नवे अवजार कोण घेणार? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. या दोन वर्षांवर कोणी भाषण करीत नाही. माल तयार आहे, तो चांगला आहे हे करणाऱ्याला ठाऊक आहे, आणि गिऱ्हाईक नाही. धंद्यातील खरे अंधाराचे दिवस ते हेच. राजीनाम्याचा दिवस त्यामानाने सोपा.

धंदा उभा राहतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले. म्हणजे नोकरीपाठोपाठ आता जागाही गेली. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आधी औंधास बांधकामाचे काम दिले, मग कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि साप यांचे माहेरघर. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पुढील कीर्ती सर्वांस ठाऊक आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, रामूअण्णांचे दुकान, औंधकरांची जमीन आणि दोन वर्षांनी नांगर विकत घेणारा तो पहिला शेतकरी, यांतील एकही वजा केला तर उरतो तो राजीनामा दिलेला एक शिक्षक.

पहिल्या शेतकऱ्याविषयी आम्हांस विशेष कुतूहल आहे. त्याला शेजाऱ्यांनी वेड्यात काढले नसेल काय? लक्ष्मणरावांनी कष्ट आणि भांडवल पणाला लावले, तर त्याने आपले एका हंगामाचे पीक.

दुसरी हकीकत गिरणगावातील आहे, आणि तिच्यात कोणी संस्थानिक नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांतून बायका मोठ्या संख्येने काम करीत. नवी यंत्रे आली, पाळ्या बदलल्या, आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षे कमी होत गेल्या. त्या बायकांसाठी कोणी सभा घेतल्याचे फारसे ऐकिवात नाही. त्यांच्यापैकी अनेकींनी घरी खानावळ चालविली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना दोन वेळचे जेवण घालावयाचे आणि पैसे पगाराच्या दिवशी घ्यावयाचे. तोवर वाण्याची उधारी, आणि ती भागली नाही तर सावकाराचे व्याज. हा धंदाच होता, पण त्याला धंदा म्हणण्याची रीत नव्हती. ‘घरी चार माणसे जेवतात’ एवढेच म्हटले जाई.

गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगारांत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली यांतील चौदा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते आणि दुर्बलांना अल्प व्याजाने कर्जे देण्याची योजनाही होती. पण खानावळवालीने बँकेची पायरी चढावी कशी? तारण नाही आणि सहीऐवजी अंगठा. तोडगा असा निघाला की, शेजारणींनी एकमेकींना जामीन राहावे. एकीने हप्ता चुकविला तर बाकीच्या तिच्या दारात उभ्या. वसुली करणारा साहेब एक वेळ टाळता येईल, पण चाळीतील शेजारीण टाळता येत नाही. कर्जे फिटू लागली आणि सावकाराचा पाश सैल झाला.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि कामगारांपैकी फार मोठा वर्ग पुन्हा कधी गिरणीत गेला नाही. कोणी गावी परतला, कोणी पदपथावर भाजीची टोपली मांडली, कोणी इमारतीच्या दाराशी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसला. ज्याची वीस वर्षे साच्यावर गेली त्याने कोणती नोकरी शोधावी? अशा घरांपैकी कितींचा संसार त्या काळात बायकांच्या पोळपाटावर तरला, याची नोंद कोठल्याही सरकारी अहवालात पुरेशी सापडावयाची नाही. खानावळवालीची स्वतःची गिऱ्हाइकेच बेकार झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिने काय साधले ते कळते.

तिसरे उदाहरण शोधण्यास ग्रंथालयात जावयाचे कारण नाही. आपल्या शहराच्या सराफ्यात गेले तरी पुरे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी आणि साताऱ्याकडील माण-खटाव या अवर्षणाच्या मुलखातून निघालेले गलाई व्यावसायिक भारतभर पसरले आहेत. जुने दागिने गाळून शुद्ध सोने-चांदी वेगळी करणे हे त्यांचे काम. पावसाने दगा दिलेल्या शेतातला मुलगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानी येतो, भट्टीशी बसून काम शिकतो, त्या मुलखाची भाषा उचलतो, आणि काही वर्षांनी त्याच नातलगाच्या शब्दावर दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी मांडतो. अर्ज, मुलाखत, प्रमाणपत्र काही नाही. या पद्धतीचे अकारण कौतुक करू नये. आम्लाच्या धुराशी कोवळ्या वयात गाठ पडते, शाळा अर्धवट राहते. पण उद्योजकता शिकविणाऱ्या संस्था निघण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी ती घरात शिकविली. आणि हेही नमूद केले पाहिजे की, ज्यांनी मराठी माणसाला धंदा जमतो हे याच शहरात सिद्ध केले, त्यांची नावे आमच्या मंडळाच्या सभासद-यादीत पहिली कित्येक वर्षे नव्हती. ते आपला गणपती सराफ्यात वेगळा बसवीत. त्यांना कोणी बोलाविले नाही, हे खरे कारण.

आता शेवटी थोडे घरचे, आणि ते सांगताना संकोच वाटतो.

नव्वदच्या दशकात या शहरातील एका मोठ्या कारखान्याने माणसे कमी केली, आणि मग तो बंदच पडला. त्यात आपले काही सभासद होते. एकाची हकीकत त्याच्या परवानगीने, नाव न देता, लिहीत आहोत. वय बेचाळीस, विद्युत खात्यातला हुशार कारागीर. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हाती आला. दीड वर्ष त्याने अर्ज केले. रविवारचे वृत्तपत्र उघडावे, जाहिराती कापाव्या, टंकलेखन करून पाठवावे, आणि कोठे बोलावणे आलेच तर रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परतावे. अनुभव पुष्कळ आहे पण वय जास्त, हे उत्तर त्याला तीन शहरांत मिळाले. या काळात तो मंडळात येईनासा झाला. आम्ही तेव्हा चिटणीस होतो. त्याची वर्गणी थकल्याचे स्मरणपत्र आमच्याच सहीने गेले.

पुढे त्याने भरपाईच्या रकमेतून तार गुंडाळण्याचे यंत्र घेतले आणि एका गल्लीत मोटार रिवाइंडिंगचे दुकान थाटले. जळालेली मोटार उघडावयाची, जुने वेटोळे काढून मोजावयाचे, तितक्याच फेऱ्यांची तांब्याची नवी तार भरावयाची, वार्निश देऊन सुकवावयाची. पहिले गिऱ्हाईक एक पंजाबी पिठाची गिरणीवाला होता, दुसरा जवळच्या खेड्यातील शेतकरी. आम्ही मराठी मंडळींनी घरचे पंप तेथे नेले नाहीत. ओळखीच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही आणि काम बिघडले तर बोलता येत नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्याच सुमारास मंडळाने ‘तरुण आणि उद्योग’ या विषयावर बाहेरगावच्या वक्त्याचे व्याख्यान ठेवले होते. त्याचे प्रास्ताविकही आम्हीच केले.

ते दुकान चालले. आता त्याचा मुलगा ते पाहतो. चार माणसे हाताखाली आहेत आणि त्यांतील दोघे पुढे आपापले दुकान काढण्याच्या विचारात आहेत. या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करीत आम्ही तेथे गेलो तेव्हा बापलेकांनी खुर्ची दिली, चहा मागविला, आणि दर न विचारता अर्ध्या पानाचे पैसे रोख मोजून दिले. निघताना मुलाने विचारले, “काका, सभागृहाचा पंप गणपतीपासून बंद आहे असं ऐकलं. दरपत्रक पाठवू का?”

त्याने ते दुसऱ्याच दिवशी पाठविले. कार्यकारिणीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर ते सातव्या क्रमांकावर आहे.