पाठीवरची जखम

इतिहास शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो : वीराच्या जखमा छातीवर असतात, पाठीवर नाही. मुलं माना डोलवायची. मूल तालुक्यातल्या एका खेड्यात होतो तेव्हा मात्र एक मुलगा खाली मान घालून बसला. मागाहून कळलं, त्याच्या आईच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, अस्वलाच्या नखांच्या खुणा होत्या. मोहफुलं वेचताना अस्वल दिसलं, ती वळून धावली आणि पाठच त्याला सापडली. ते वाक्य मी पुन्हा वर्गात म्हटलं नाही.

मंडळी, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पाठीवरची जखम पळपुट्याची नसते, पोटासाठी वाकलेल्या माणसाची असते. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. कामं सगळी वाकून करायची. वाघ बहुधा मागूनच येतो.

या जखमेचं तोंड फसवं असतं. सुळ्याचं भोक बाहेरून लहान दिसतं, आत खोल गेलेलं असतं. पाठीच्या वरच्या भागात फासळ्यांच्या आड लगेच फुप्फुस. तिथे भोक पडून छातीत हवा साठली, तर माणूस गुदमरतो. म्हणून डॉक्टर आधी श्वास बघतात, छातीचा एक्स-रे काढतात. पहिला प्रश्न एकच : जखम आत गेली का?

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात ताज्या जखमांचे सहा प्रकार दिले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. त्यात टोकदार वस्तू नुसती घुसली तर विद्ध, पण शरीरातल्या पोकळ आशयापर्यंत पोचली तर भिन्न. नावं वेगळी, कारण उपचार वेगळे.

उपचारातली एक रीत युद्धाने शिकवली. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) चिखलाने माखलेल्या जखमा लगेच शिवल्या की आत कुजत. मग सर्जन मेलेलं मांस कापून काढू लागले, जखम काही दिवस उघडी ठेवू लागले आणि मग टाके घालू लागले. जनावराच्या खोल जखमेलाही हीच सावधगिरी लागते. भरपूर पाण्याने धुणं, धनुर्वाताची सुई आणि रेबीजची लस, हे आलंच. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे वीजही नव्हती. अस्वलाने फाडलेली माणसं खाटेवर घालून तिथे आणली जात, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्यावर उपचार करत.

आता नोंदीचं. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३ मध्ये फ्रान्सच्या झाक बेर्तियाँ यांनी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे, आणि तेव्हापासून तिच्यात आजार व जखमाही आल्या. तिच्या दहाव्या आवृत्तीत छातीच्या मागच्या भिंतीच्या उघड्या जखमेला 'एस २१.२' हा संकेतांक आहे. अमेरिकेने आपल्यापुरती जी आवृत्ती केली, तिच्यात जखम छातीच्या पोकळीत शिरली असेल तर 'एस २१.४'. म्हणजे पुन्हा सुश्रुताचाच प्रश्न! अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी दहावी अजून अनेक ठिकाणी वापरतात.

पण एस २१.२ एवढंच लिहिलं तर जखम कुठे आहे ते कळतं, कशाने झाली ते कळत नाही. त्यासाठी दुसरा संकेतांक जोडावा लागतो. सस्तन प्राण्याने चावणं वा मारणं याला 'डब्ल्यू ५५'. हा दुसरा आकडा राहिला की अस्वल कागदावरून नाहीसं होतं. मग ती जखम झाडावरून पडल्याची, की कुऱ्हाडीची? कोणी काहीही समजावं.

त्या मुलाच्या आईचं तेच झालं. तिच्या कागदावर "पाठीस जखम, टाके घातले" इतकंच होतं. नुकसानभरपाईसाठी बाप तो कागद घेऊन हेलपाटे घालत राहिला. प्रत्येक ठिकाणी विचारणा एकच, "अस्वलानेच केलं कशावरून?" शेवटी एक दिवस तो शाळेत आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी लिवून द्या ना."

मी लिहून दिलं. मास्तराच्या कागदाला तिथे किंमत नव्हती, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी आणखी एक ओळ लिहिली असती, तर माझ्या कागदाची गरजच पडली नसती.