काळ्या दगडाची चौकशी

भंडारा जिल्ह्याचं नाव निघालं की लोक तलाव, तांदूळ आणि पितळेची भांडी इथवर येतात आणि थांबतात. तुमसर तालुक्यातली आम्ही मंडळी त्यात मँगनीज जोडतो. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा फाटा, गोबरवाही, चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही सगळी त्याच काळ्या दगडाची वस्ती. घरातली दोन माणसं खाणीत, एक मालगाडीच्या लोडिंगला, असा हिशेब आमच्याकडे सर्रास असे. मी मात्र भौतिकशास्त्र शिकवण्यात नोकरी काढली. एमएस्सीच्या मुलांना चुंबकत्व शिकवताना पुस्तकात पुन्हा पुन्हा मँगनीजच समोर यायचं. गावातला एकही माणूस मला याबद्दल कधी बोलला नव्हता. टनांचा भाव सगळ्यांना पाठ, आणि हा दगड आत कसा असतो याची चौकशी जगभर शंभर वर्षं चालली आहे, हे कुणाच्या गावीही नाही.

चौकशीची सुरुवात इथलीच. मध्य प्रांतात खाणी सुरू झाल्या त्या विसाव्या शतकाच्या तोंडावर, आधी नागपूर जिल्ह्यात. सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ची. तिचीच पुढे सीपीएमओ (सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओर) कंपनी झाली आणि १९६२मध्ये मॉईल, म्हणजे मँगनीज ओर इंडिया लिमिटेड, आली. पण दगडाकडे दगड म्हणून पाहिलं ते भूवैज्ञानिक खात्याच्या लुईस ली फर्मर यांनी. १९०९ साली त्यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा हजारावर पानांचा ग्रंथ आला. (प्रवासवर्णनकार पॅट्रिक ली फर्मर हे त्यांचे चिरंजीव. मुलाला वाचक मिळाले, बापाचं पुस्तक कपाटात राहिलं.) इथल्या मँगनीज-गार्नेटच्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. छिंदवाड्याकडच्या सीतापारचं खनिज ‘सीतापाराइट’ झालं. रामटेकजवळच्या बेलडोंगरीला सापडलेल्या, लोहचुंबकाला चटकन चिकटणाऱ्या खनिजाला त्यांनी सहकारी व्रेडेनबर्ग यांचं नाव दिलं.

फर्मर यांची साधनं म्हणजे हातोडा, भिंग, लोहचुंबक आणि रासायनिक पृथक्करण. खाणीवरच्या रेजांकडे, म्हणजे मजूर बायांकडे, तेवढंही नव्हतं. माझी आत्या चिखल्याला ओर निवडायची. ढीग पुढ्यात, हातात लहान हातोडी. ती दगड उचलून क्षणभर तोलायची, ठोकायची आणि घमेल्यात टाकायची किंवा मागे भिरकावायची. वजन, फुटल्यावरची चकाकी, कडेला पांढरी गार आहे का, एवढ्यावर निकाल. “जड हाय तो आपला,” असं ती म्हणे. घनतेची परीक्षा याहून थोडक्यात मी तरी कधी शिकवली नाही.

पण जड दगड नेमका कोण, हे वजन सांगत नाही. ते क्ष-किरणांनी सांगितलं. बिक्सबाइट नावाच्या खनिजाची अणुरचना लायनस पॉलिंग आणि शॅपेल यांनी १९३०मध्ये उलगडली. सीतापाराइट हे स्वतंत्र खनिज नसून बिक्सबाइटच आहे, हेही पुढे ठरलं आणि सीतापारचं नाव यादीतून गेलं. व्रेडेनबर्गाइटची गंमत वेगळी. तो एक दगड नव्हताच. जेकबसाइट आणि हाऊसमनाइट अशी दोन खनिजं एकमेकांत वाढलेली होती आणि चुंबकाला ओढत होतं ते त्यातलं जेकबसाइट.

एवढं होऊनही क्ष-किरणांना मँगनीजपुढे मर्यादा आहेत. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांवरून. मँगनीजकडे इलेक्ट्रॉन २५, लोखंडाकडे २६. हे दोघे आपल्या दगडात कायम शेजारी, आणि किरणांना ते जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यात विद्यापीठांच्या लॅबमधल्या मशीनला बहुधा तांब्याची ट्यूब असते. तिच्या किरणांची ऊर्जा मँगनीजला उद्दीपित करायला पुरेशी असल्यामुळे सॅम्पल स्वतःच क्ष-किरण ओकू लागतं. बॅकग्राउंड वर चढतं आणि आलेखावरचे बारीक पीक, म्हणजे शिखरं, त्यात बुडून जातात. नवा विद्यार्थी मशीनला दोष देतो. मशीन बिचारं ठीक असतं, मँगनीज बोलत असतं.

इथे न्यूट्रॉन कामाला येतो. तो इलेक्ट्रॉनांच्या संख्येकडे बघत नाही, अणुकेंद्रावरून विखुरतो. लोखंडाच्या केंद्राचा प्रतिसाद धन, मँगनीजचा ऋण. क्ष-किरणांचे जुळे न्यूट्रॉनपुढे विरुद्ध टोकांना उभे राहतात. शिवाय न्यूट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. त्यामुळे अणू कुठे आहेत याबरोबरच त्यांचे चुंबक कुणीकडे तोंड करून आहेत, हेही त्याला कळतं.

हे प्रथम दिसलं ते मँगनीज मोनॉक्साइडमध्येच. अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीवर क्लिफर्ड शल आणि स्मार्ट यांनी १९४९मध्ये त्याच्या पावडरीवर न्यूट्रॉन सोडले. खोलीच्या तापमानाला अपेक्षित तेवढेच पीक. सुमारे ८० केल्विनला, म्हणजे शून्याखाली १९३ अंशांजवळ, जास्तीचे पीक उगवले, तेही अशा जागी की स्फटिकाचा मूळ घटक दुप्पट लांब धरल्याशिवाय त्यांचा अर्थ लागेना. अर्थ असा: एका पातळीतले सगळे अणुचुंबक एका दिशेला, लगतच्या पातळीतले बरोबर उलट. बाहेरून बेरीज शून्य, म्हणून खिळ्यालाही न ओढणारा पदार्थ आतून मात्र कडक शिस्तीचा. लुई नेएल यांनी १९३०च्या दशकात कागदावर मांडलेली ही व्यवस्था पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली. निवड मँगनीजची व्हावी यात नवल नाही, त्याच्या आयनात पाच इलेक्ट्रॉन एकटे, एकाच दिशेचे असतात. सिग्नल दणदणीत मिळतो. शल यांना नोबेल मिळालं १९९४मध्ये, कॅनडाच्या ब्रॉकहाउस यांच्याबरोबर. ओक रिजची ती पावडर आमच्या चिखल्याची होती, असा दावा करायचा मोह मी आवरतो.

आपल्याकडे ही विद्या तुर्भ्याला आली. १९५६मध्ये अप्सरा ही अणुभट्टी, १९६०मध्ये सायरस. पी. के. अय्यंगार ब्रॉकहाउस यांच्याकडे जर्मेनियमवर काम करून आले. एन. एस. सत्यमूर्ती आणि सहकाऱ्यांनी फेराइटांच्या चुंबकीय रचना न्यूट्रॉनांनी तपासल्या. १९८५मध्ये ध्रुव सुरू झाली. विद्यापीठांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते यूजीसी आणि अणुऊर्जा खात्याच्या संयुक्त संस्थेमुळे. तिचं मुख्यालय इंदूरला, पण न्यूट्रॉनचं काम मुंबईत. आता विदर्भातला विद्यार्थी खलात लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीजची संयुगं घोटून, भट्टीत भाजून मँगनाइट बनवतो, प्रस्ताव पाठवतो आणि मंजूर झालं की काही ग्रॅम पावडर घेऊन मुंबई गाठतो. क्ष-किरणांना चिमूटभर पुरतं, न्यूट्रॉनला नाही. पावडर भरायची डबी व्हॅनेडियमची, कारण व्हॅनेडियमचे स्वतःचे पीक जवळपास दिसतच नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती मँगनीज डायऑक्साइडची गोष्ट. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड ओर टॉर्चच्या सेलमध्ये जातं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. त्याचंच बीटा रूप, पायरोल्यूसाइट, थंड केलं की त्यातले चुंबक उलटसुलटही लागत नाहीत. एकेक पायरी थोडे वळत जिन्यासारखे फिरत जातात. १९५९मध्ये अकिओ योशिमोरी यांनी न्यूट्रॉनच्या नोंदींवरून हा मळसूत्री क्रम ओळखला, आणि अशा रचनांचं एक नवं दालनच उघडलं.

त्याच १९५९मध्ये डी वोल्फ यांनी बॅटरीतल्या गॅमा डायऑक्साइडचे पीक इतके फिसकटलेले का, याचा उलगडा केला: दोन रचनांचे थर त्यात बेशिस्तपणे मिसळलेले असतात. डोंगरी बुजुर्गला १९९१पासून विजेच्या साहाय्याने जे डायऑक्साइड बनतं, ते याच गॅमा जातीचं. बॅटरीला ही बेशिस्तच मानवते. न्यूट्रॉनला मात्र तिच्यातलं पाणी नडतं, कारण हायड्रोजन न्यूट्रॉनांना सगळीकडे उधळून लावतो. भट्टीत चांगलं तापवून पाणी घालवावं, तर पावडर गॅमा राहत नाही, बीटाकडे सरकते. जड पाण्यात भिजवून हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवायचा रस्ता आहे. तो किचकट आहे आणि पीएचडीची तीन वर्षं धरून चालणारी मुलं तिकडे वळत नाहीत. गावाकडून आलेल्या एखाद्या मुलाने विषय मागितला, की मी तरी हाच पुढे करतो.