दूरच्या मित्रास गावची बातमी

परगावी अथवा परदेशी राहणाऱ्या मित्रास पत्र लिहिताना आपण प्रथम घरची खुशाली कळवितो आणि नंतर गावची. गावची खुशाली म्हणजे पाऊस, पाणी, रस्ते आणि निवडणूक. लोकसभेचा निकाल वर्तमानपत्रे जगभर पोहोचवितात. आपल्या आळीतून कोण निवडून आले, ही बातमी मात्र कोणी स्नेह्याने कळविल्यावाचून सहसा कळत नाही. म्हणून खाजगी पत्र हे स्थानिक स्वराज्याच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे, असे मी समजतो. ठाणे आणि कल्याण या टापूपुरते बोलावयाचे, तर या साधनात जे आढळावयास हवे आणि आढळत नाही, तेच अधिक बोलके आहे.

या टापूत आगगाडी, टपाल आणि नगरपालिका ही तीन भावंडे जवळजवळ एकाच वेळी जन्मास आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली व पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्याच १८५४ साली अंतर कितीही असो, वजनावर ठरणारा अर्ध्या आण्याचा टपालदर सुरू झाला. कल्याणास नगरपालिका १८५५ मध्ये आली, ठाण्यास १८६३ मध्ये. परंतु हे आरंभीचे सभासद सरकारने नेमलेले असत. साहेबाने कोणास नेमले, ही बातमी खरी. पण तीस निवडणुकीची बातमी म्हणता येत नाही. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव झाला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याने त्यास अनुसरून कायदे केले, आणि काही जागा मतांनी भरण्याची वाट मोकळी झाली. मतदार कोण, तर कर भरणारे आणि थोडे शिकलेले पुरुष. राजकीय शिक्षण व्हावे हा रिपनचा हेतू होता. शाळेत घेतले मात्र मूठभरांस!

त्या वेळी कल्याणची एक कन्या फिलाडेल्फियास वैद्यक शिकत होती. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात कारकून. बदल्यांच्या निमित्ताने हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे फिरले. टपालखात्यातील माणसाच्या घरात पत्राने केवढे कार्य करावे, हे पाहण्यासारखे आहे. गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले. ते १८८० मध्ये रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंस स्वतः होऊन पत्र धाडले. हिंदुस्थान १८७६ मध्ये आंतरराष्ट्रीय टपालसंघात सामील झाला होता, त्यामुळे असा व्यवहार मध्यमवर्गाच्या खिशास पेलू लागला होता. कधी न पाहिलेल्या त्या बाईंस आनंदीबाई मावशी मानू लागल्या, आणि १८८३ मध्ये त्यांच्याच घरी जाऊन उतरल्या.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडले या १८८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका विभागातून शाळासमितीवर निवडून आल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेने शालेय अधिकाराची पदे स्त्रियांस खुली केली होती. मत देण्याचा अधिकार मात्र त्यांस नव्हता, तो १९२० पर्यंत नव्हता. निवडून यावे, पण निवडू नये, असा तो चमत्कारिक न्याय! आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, २०११ च्या कायद्याने. फिलाडेल्फियाहून कल्याणास लिहावयाची ती बातमी होती. आज कल्याणहून फिलाडेल्फियास लिहावी अशी ही आहे.

परंतु लिहावयास निवडणूक तर झाली पाहिजे! ठाण्याची महापालिका रिपनच्या ठरावानंतर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, स्थापन झाली व १९८६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. कल्याणची महापालिका १९८३ ची. डोंबिवली तीतच आली. तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये! बारा वर्षे प्रशासक. माझा एक बालमित्र त्या काळात डोंबिवली सोडून टोरांटोस गेला. त्यास मी लिहिलेल्या पत्रांत मुंजी आहेत, माझ्या वडिलांचे आजारपण आहे, पाण्याची टंचाई आहे, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर १९९२ मध्ये वेगळी झाल्याची हकीकत आहे. नगरसेवकाचे नाव एकही नाही, कारण नगरसेवकच नव्हता. नळास पाणी नाही म्हणून कोणाकडे जावे, तर एका अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर.

त्यानंतर ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असा दंडक घातला. तो आता मोडणार नाही, असे आम्ही एकमेकांस कळविले. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी साथ, मग प्रभागरचना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद. न्याय्य प्रतिनिधित्वाचा प्रश्न खराच होता, पण तो सुटेपर्यंत प्रतिनिधीच नसावा, हे मला कधी पटले नाही. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी दोन्ही शहरांत मतदान झाले.

मित्र आता पत्र लिहीत नाही, दूरध्वनीवरून बोलतो. प्रश्न मात्र जुन्या क्रमानेच विचारतो. गुडघा कसा आहे, नात बोलू लागली का, आणि आपला नगरसेवक कोण? २०१५ मध्ये एका प्रभागास एकच नगरसेवक होता. यंदा बहुतेक प्रभागांस चार होते, म्हणून मला एका नावाऐवजी चार नावे सांगावी लागली. त्याने ती लिहून घेतली आणि विचारले, "यांतला पाण्याचा कोण?"