पदकामागचे घर

इतिहास लिहिणारे विजयाचा दिवस टिपून ठेवतात; त्या विजयामागचा संसार ज्यांनी ओढला, त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतच अधिक झाले. त्यामुळे खाशाबा जाधवांचे नाव निघाले, की आमची दृष्टी आखाड्यावरून त्यांच्या घराकडे वळते.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे, तर गाठी पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास १९९६ साल उजाडले. परत येताच त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे ऋण फेडले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. पण पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघाताने त्यांना ओढून नेले, आणि उरलेला झगडा त्यांच्या पत्नीच्या पदरी आला. मदतीसाठी तिने दारे ठोठावली. ती सहजी उघडली नाहीत. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर.

मरणोत्तर सन्मान म्हणजे काय, हे आम्ही कामगारांच्या घरी पाहिले आहे. धनी गेला, की बाईने एकाच वेळी रडायचे, चूल पेटवायची आणि वारसाचा दाखला काढायचा. आमच्या कोकणातील किती बायकांनी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर घर, शेत आणि म्हातारीकोतारी सांभाळली! गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव कधी चढले नाही.

अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन १९४७ साली गोऱ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये उतरला, तेव्हा शिव्याशाप दोघांनीही सोसले. त्याची पत्नी रेचेल परिचारिकेचे शिक्षण घेतलेली. पुढे ती येल विद्यापीठात शिकवू लागली. १९७२ साली जॅकी वारला आणि १९७३ साली तिने त्याच्या नावे संस्था काढून गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या सुरू केल्या. तिच्या निष्ठेला स्वतःच्या विद्येचा आणि कमाईचा आधार होता. निष्ठा खाशाबांच्या घरीही होती. आधार द्यावयाचा तो आपण दिला नाही.

तेव्हा श्रोतेहो, खेळाडूला शाल-श्रीफळ अवश्य द्या. पण त्याच दिवशी त्याच्या पेन्शनचा कागद कोणत्या टेबलावर अडला आहे, तेही विचारा. पुतळा दहा वर्षे उशिरा उभा राहिला तरी चालेल. चूल एक दिवसही थांबत नाही.