बर्नची अकरा वर्षांची मुलगी : थायरॉईड ग्रंथीचे कार्य वैद्यकाला कसे उमगले

सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक इवलीशी गोळी आणि त्यानंतर चहासाठी अर्धा तास थांबणे, हा आज कितीतरी मराठी घरांतला नित्यक्रम आहे. माझ्या आईचाही आहे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली की तिची उणीव ही गोळी भरून काढते, एवढे आपण सारे जाणतो. परंतु ही ग्रंथी शरीरात नेमके काय करते, हे वैद्यकाला कळले ते एका अत्यंत निष्णात शल्यविशारदाच्या यशस्वी शस्त्रक्रियांमुळे, आणि त्याची किंमत त्याच्या रुग्णांनी मोजली. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे.

स्थळ : स्वित्झर्लंडमधील बर्न. आल्प्सच्या दऱ्यांतील मातीत आणि पाण्यात आयोडीन अत्यल्प. थायरॉईडला आपले संप्रेरक घडवण्यासाठी आयोडीन लागते. ते पुरेसे मिळाले नाही की ग्रंथी फुगू लागते. हाच गलगंड. हे नाव आपल्याकडे सुश्रुतसंहितेइतके जुने आहे. आल्प्समध्ये हा विकार गावोगावी दिसे. गाठ वाढत वाढत श्वासनलिकेवर दाब आणी आणि माणूस गुदमरे. जेथे उणीव अतितीव्र असे, तेथे काही मुले जन्मतःच खुरटलेली, मंदबुद्धी, पुष्कळदा मूकबधिर निपजत. त्यांना ‘क्रेटिन’ म्हणत.

गाठ कापून काढावी, तर रक्तस्राव भयंकर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शस्त्रक्रियेत दर १० रुग्णांमागे सुमारे ४ दगावत. भले भले शल्यविशारद तिच्या वाटेला जात नसत.

१८७२ मध्ये बर्नला शल्यशास्त्राचे प्राध्यापक झालेले थिओडोर कोखर यांनी हे चित्र पालटले. जंतुनाशनाचे नवे तंत्र, प्रत्येक रक्तवाहिनी आधी बांधून घेण्याची शिस्त आणि विलक्षण संथ, नेटका हात. त्यांच्या नावाचा चिमटा आजही शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो. ग्रंथीचे काम काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तिला स्राव वाहून नेणारी नलिकाही नाही. मग ती निरुपयोगीच असणार, असा बहुतेकांचा समज. गाठ पुन्हा उद्भवू नये म्हणून कोखर अनेक रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढून टाकीत. रुग्ण जगत, जखम सुरेख भरून येई, आणि ते घरी जात.

जानेवारी १८७४ मध्ये अशीच एक अकरा वर्षांची मुलगी घरी गेली. तिचा स्वभावच बदलला आहे, असे तिला पाठवणाऱ्या डॉक्टरने नंतर कळवलेही होते. त्याकडे विशेष लक्ष गेले नाही.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद जाक-लुई रेव्हर्दाँ यांनी कोखर यांना सांगितले की, संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर काही महिन्यांनी आपल्या रुग्णांत विचित्र बदल दिसू लागले. कोखर अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी परत बोलावले.

ती मुलगीही आली. सोबत धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेपूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत की लोकांची गल्लत होई. आता धाकटी उंच, देखणी तरुणी झाली होती. थोरलीची वाढ मात्र खुंटलेली, चेहरा सुजट आणि भाव मंद. संपूर्ण ग्रंथी गमावलेले १८ जण तपासले गेले. त्यांपैकी १६ जणांत कमीअधिक प्रमाणात हीच लक्षणे होती : सतत थकवा, थंडी सहन न होणे, जड जीभ, संथ बोलणे, गळणारे केस, विचारांना आलेले जडत्व. ज्यांचा अर्धाच भाग काढला होता, ते ठणठणीत होते.

येथे एक कटू योगायोग नोंदवावासा वाटतो. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आकडी येई, पण हे मंदत्व क्वचितच. अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी दोघांनाही काम करताना पाहिले होते. त्यांच्या मते बिलरोथ यांचा हात वेगवान. थायरॉईडचा तुकडा मागे राही आणि शेजारच्या चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथी मात्र दुखावत. कोखर यांच्या हातून आजूबाजूचे काहीच दुखावत नसे, आणि थायरॉईडचा कणही मागे उरत नसे. म्हणजे रुग्णांना भोवले ते कोखर यांचे नेटकेपणच.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या अधिवेशनात कोखर यांनी आपल्या १०१ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला आणि हे दुष्परिणामही उघडपणे सांगितले. यापुढे संपूर्ण ग्रंथी काढणे अयोग्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. कबुली प्रामाणिक होती, कारणमीमांसा मात्र चुकली. श्वासनलिका कमकुवत होऊन शरीराला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून असे होते, असे त्यांना वाटले. शोधाचे सारे श्रेय त्यांना देणाऱ्या चरित्रांत हा तपशील सहसा गाळलेला असतो. शिवाय रेव्हर्दाँ यांच्याशी श्रेयावरून वादही झाला.

खरे कारण ओळखले लंडनच्या फेलिक्स सीमन यांनी. तेथे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत असाच विकार वर्णिला होता. १८७८ मध्ये ऑर्ड यांनी त्याला ‘मिक्सिडीमा’ नाव दिले. या स्त्रिया, आल्प्समधील क्रेटिन आणि कोखर यांचे रुग्ण, या तिघांचे मूळ एकच, थायरॉईडचा अभाव, असे सीमन यांनी १८८३ च्या अखेरीस मांडले. सभेत त्यांची टर उडवली गेली. मग चौकशीसाठी समिती नेमली गेली, आणि १८८८ च्या तिच्या अहवालाने सीमन यांचेच म्हणणे खरे ठरवले.

अभाव हेच कारण असेल, तर उणीव बाहेरून भरून काढता येईल. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. काही आठवड्यांत चेहऱ्याची सूज ओसरली, बोलणे सुधारले. पुढे ती हाच अर्क पोटात घेऊ लागली आणि आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब खुद्द मरे यांनीच दिला आहे. आईच्या गोळीचे मूळ हे.

कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक थायरॉईडवरील कार्यासाठीच मिळाले. सन्मान योग्यच होता. नंतरच्या वर्षांत त्यांच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आले होते. स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला १९२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.

मरे यांनी ती पहिली सुई टोचली, तेव्हा बर्नच्या त्या मुलीच्या शस्त्रक्रियेला सतरा वर्षे झाली होती. १८७४ मध्ये ती अकरा वर्षांची होती. १८९१ मध्ये तिचे वय अठ्ठावीस.