मानमोडीची साथ आणि चुकीचा शत्रू

१/ जून १९१८. मुंबईच्या गोदीवर कामाला असलेले काही पोलीस शिपाई तापाने अंथरुणाला खिळले आणि थोड्याच दिवसांत साथ शहरभर पसरली. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट अधिक भीषण होती. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मराठी मुलखाने या इन्फ्लुएंझाला नाव दिले ‘मानमोडी’.

२/ उदगीर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात होते. साथीने मात्र इंग्रजी मुलूख आणि संस्थान असा भेद केला नाही. हिंदुस्थानातील बळींचा अंदाज १.२ ते २ कोटी असा केला जातो.

३/ त्या काळी अनेक वैद्यकतज्ज्ञ एका जिवाणूला या रोगाचे कारण मानत. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर याने १८९२ मध्ये तो रुग्णांच्या थुंकीतून वेगळा केला होता. पण १९१८ च्या कित्येक रुग्णांत तो सापडेना.

४/ कोडे सुटले १९३३ मध्ये. लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तो फेरेट या प्राण्यांच्या नाकात सोडताच ते आजारी पडले. गुन्हेगार जिवाणू नव्हता, विषाणू होता.

५/ या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. फ्लेमिंगने १९२९ च्या आपल्या शोधनिबंधात पेनिसिलिनचा एक उपयोग सुचवला, तो फायफरचा जिवाणू वेगळा करण्यासाठी! पेनिसिलिनने इतर जंतू मरत, हा मात्र तग धरून राही.

६/ प्रतिजैविके जिवाणूंच्या रचनेवर घाव घालतात. पेनिसिलिन त्यांची पेशीभित्तिका उभी राहू देत नाही, तर काही औषधे त्यांची प्रथिननिर्मिती रोखतात. विषाणूला ना पेशीभित्तिका, ना स्वतःची प्रथिने घडवणारी यंत्रणा. तो आपल्याच पेशी राबवून घेतो. घाव घालायला जागाच नाही.

७/ मग मानमोडीत प्रतिजैविके निरुपयोगीच ठरली असती का? तसे नाही. त्या साथीतील बहुतांश मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असे पुढील संशोधन सांगते. तेथे पेनिसिलिनने अनेकांचे प्राण वाचवले असते. पण तो झाला गुंतागुंतीवरील उपचार. फ्लूची लागण त्याने टळली नसती.

८/ १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. तरीही २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला, तेव्हा विषाणूरोधक ऑसेल्टामिविरच वापरावे लागले. प्रतिबंधाचा मार्ग आजही लसीचाच आहे. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

९/ अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. फ्लू होऊ नये म्हणून घेतलेली प्रतिजैविकाची गोळी विषाणूला शिवतही नाही. शरीरातील जिवाणूंना मात्र ती प्रतिकार शिकवते. उद्या खरोखर न्यूमोनिया झाला, तर हेच शस्त्र बोथट झालेले असेल. १९१८ च्या पिढीजवळ ते शस्त्रच नव्हते. आपल्याजवळ आहे, ते टिकवणे आपल्या हाती आहे.