ब्लू ब्लड्स

न्यूयॉर्क शहराच्या पोलीसदलात पिढ्यान् पिढ्या नोकरी करणाऱ्या एका आयरिश-अमेरिकन कॅथलिक कुटुंबावरची दूरचित्रवाणी मालिका. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २४ सप्टेंबर २०१० रोजी तिचा पहिला भाग झाला आणि १३ डिसेंबर २०२४ रोजी शेवटचा. एकूण १४ पर्वे आणि २९३ भाग. निर्माती-लेखक जोडी रॉबिन ग्रीन आणि मिचेल बर्जेस. ‘चार्लीज एंजल्स’चे निर्माते लेनर्ड गोल्डबर्ग हे डिसेंबर २०१९ मधील निधनापर्यंत कार्यकारी निर्माते होते. मालिकेच्या लेखनाची सूत्रे पुढे दीर्घकाळ केव्हिन वेड यांच्या हाती राहिली.

नावात श्लेष आहे. खानदानी कुळातल्या माणसाला इंग्रजीत निळ्या रक्ताचा म्हणतात आणि न्यूयॉर्कच्या पोलिसाचा गणवेशही निळा असतो. खाकी वर्दी पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला तो चटकन लागत नाही, पण मागची कल्पना आपल्याला परकी नाही. ती वतनाची आहे. पाटीलकी जशी बापाकडून मुलाकडे जाई, तसा रेगन घराण्यात पोलिसाचा बिल्ला जातो. कागदोपत्री प्रत्येकाने परीक्षा देऊनच तो मिळवलेला असतो, हे मालिका वारंवार बजावते. इतक्या वेळा बजावावे लागते, यातच काय ते आले.

घराण्याचा मूळपुरुष म्हणून पडद्यावर दिसतात ते हेन्री रेगन (लेन कॅरियू), निवृत्त पोलीस आयुक्त. त्यांचा मुलगा फ्रँक (टॉम सेलेक) हा विद्यमान आयुक्त, व्हिएतनाम युद्धात लढलेला मरीन. फ्रँकला चार मुले. थोरला डॅनी (डॉनी वॉलबर्ग) डिटेक्टिव्ह. तो इराकमध्ये लढून आलेला, डोक्यात राग घालून घेणारा, नियम वाकवणारा. मुलगी एरिन (ब्रिजेट मॉयनॅहन) मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या कार्यालयात सहायक सरकारी वकील. धाकटा जेमी (विल एस्टेस) हार्वर्डमधून कायदा शिकलेला. लठ्ठ पगाराची वकिली सोडून तो गस्तीवरचा शिपाई होतो, पुढे सार्जंट. चौथ्या मुलाचे नाव ‘जो’; तो मालिका सुरू होण्यापूर्वीच मारला गेला आहे. दलातल्याच भ्रष्ट पोलिसांच्या ‘ब्लू टेंप्लर’ नावाच्या गुप्त टोळीचा तपास करताना त्याचा जीव जातो, आणि पहिल्या पर्वाचे मुख्य सूत्र हेच आहे. म्हणजे घराण्याची पहिली जखम गुन्हेगाराने केलेली नसून खात्याने केलेली आहे. मालिकेला हे आरंभी ठाऊक होते. पुढच्या तेरा पर्वांत तिने ही जखम आठवणीत ठेवली, पण तेवढी खोलवर पुन्हा क्वचितच उकरली.

सेलेक आणि कॅरियू यांच्या वयांत जेमतेम पाच वर्षे चार महिन्यांचे अंतर. सेलेक यांचा जन्म जानेवारी १९४५ चा, कॅरियू यांचा सप्टेंबर १९३९ चा. तरीही बापलेकांचे नाते खोटे वाटत नाही. कॅरियू मुळात रंगभूमीचे नट. १९७९ साली ब्रॉडवेवर ‘स्वीनी टॉड’ची मूळ भूमिका करून त्यांनी टोनी पुरस्कार मिळवला होता. एका वाक्यात मुलाला गप्प करणारा म्हातारा त्यांनी असा उभा केला की वयाचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. सेलेक यांच्या मिशांना मात्र १९८० च्या दशकातील ‘मॅग्नम, पी. आय.’पासून स्वतःची ओळख होती. तिथला हवाईयन शर्टातला खाजगी गुप्तहेर इथे सूट घालून टेबलामागे बसला आणि बोलणे निम्म्यावर आले. फ्रँक रेगनचे अर्धे काम शांत बसून ऐकण्याचे आहे. अभिनयाच्या दृष्टीने हे दिसते त्यापेक्षा बरेच अवघड.

मालिकेचे खरे यंत्र म्हणजे रविवारचे जेवण. ब्रुकलिनमधील बे रिज भागातल्या घरात हेन्री आणि फ्रँक हे दोघे विधुर बापलेक एकत्र राहतात. आठवडाभर चौघांचे चार रस्ते : डॅनीचा खून किंवा अपहरणाचा तपास, एरिनचा खटला, जेमीच्या गस्तीतला एखादा किरकोळ दिसणारा पेच, आणि फ्रँकपुढे महापौर, वार्ताहर किंवा स्वतःचेच अधिकारी यांनी आणून ठेवलेला प्रश्न. मग रविवारी सगळे एका टेबलाशी बसतात, प्रार्थना होते, बटाट्यांचा वाडगा हातोहात फिरतो आणि आठवड्याचा नैतिक हिशेब निघतो. डॅनी आणि एरिन भांडतात. नातवंडांपैकी कोणी भाबडा दिसणारा पण वर्मी लागणारा प्रश्न विचारते. हेन्री जुन्या जमान्याचा दाखला देतात, फ्रँक शेवटी बोलतो. जवळजवळ प्रत्येक भागात हा प्रसंग असतो आणि त्याच्या चित्रीकरणाला बहुतेक पूर्ण दिवस लागे. अन्न खरे असल्यामुळे एकच घास अनेकदा खाण्याची शिक्षा नटांच्या वाट्याला येई.

पटकथेच्या कारागिरीचा हा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. साधारण पोलीस-मालिकेत गुन्हा उलगडला की भाग संपतो. इथे गुन्हा आधी किंवा नंतर केव्हाही उलगडला तरी चालते, कारण प्रेक्षक थांबलेला असतो तो पंगतीसाठी. शुक्रवारी रात्री दहाचा प्रहर अमेरिकन वाहिन्यांत मालिकांना मारणारा मानला जातो. त्याच वेळेला ‘ब्लू ब्लड्स’ला वर्षानुवर्षे एक कोटीच्या आसपास प्रेक्षक मिळाले, आणि त्यांत वयाने पोक्त, सहकुटुंब पाहणारे प्रेक्षक मोठ्या संख्येने होते.

बाहेरच्याला त्या टेबलावर सहज पान मांडले जात नाही. एडी जँको (व्हनेसा रे) चौथ्या पर्वात जेमीची गस्तीवरची जोडीदार म्हणून येते. तिचा बाप आर्थिक फसवणुकीबद्दल तुरुंगात आहे. तिला कायमची खुर्ची मिळते ती जेमीशी सोयरीक ठरल्यावर, आणि नवव्या पर्वाच्या शेवटी, मे २०१९ मध्ये, त्यांचे लग्न होते. दहाव्या पर्वाच्या अखेरीस जो हिल (विल हॉकमन) हा तरुण डिटेक्टिव्ह मृत जोचा मुलगा असल्याचे उघड होते. तो आईच्या घरी वाढलेला, रेगन आडनावाशिवाय पोलीस झालेला. या टेबलाशी त्याचा सूर जमायला बराच वेळ लागतो. हे आडनाव वरदान की ओझे, हा प्रश्न मालिकेने सगळ्यांत प्रामाणिकपणे विचारला तो याच पात्राच्या निमित्ताने. उलट डॅनीची पत्नी लिंडा (एमी कार्लसन) हिला मालिकेने फार तुटकपणे घालवले. सात पर्वे घरातली आणि रुग्णालयातली खंबीर परिचारिका म्हणून दिसलेली ही बाई आठव्या पर्वाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर अपघातात गेल्याचे फक्त बोलण्यातून कळते. चाहत्यांना ते पटले नाही. डॅनीच्या मुलांच्या भूमिका करणारे टोनी आणि अँड्र्यू टेराचियानो हे प्रत्यक्षातही सख्खे भाऊ. चौदा पर्वांत ती मुले पडद्यावरच मोठी झाली.

फ्रँकचे दुसरे कुटुंब म्हणजे त्याचे कार्यालय. जनसंपर्क सांभाळणारा गॅरेट मूर, साहाय्यक अधिकारी अ‍ॅबिगेल बेकर आणि जुन्या वळणाचा लेफ्टनंट सिड गॉर्मली या तिघांची मते सहसा जुळत नाहीत, आणि फ्रँक तिघांचेही ऐकून चौथेच काही करतो. त्याच्या खोलीतील जड टेबल हे थिओडोर रूझवेल्ट यांच्या टेबलाची प्रतिकृती आहे. रूझवेल्ट १८९५ ते १८९७ या काळात शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांचे टेबल पुढच्या अनेक खऱ्या आयुक्तांनी वापरले.

घराणे आयरिश असणे हा लेखकांचा केवळ आवडीचा भाग नव्हे. शहराचे पोलीसदल १८४५ साली स्थापन झाले आणि त्याच सुमारास आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळाने लाखो लोक अमेरिकेकडे लोटले. नव्या शहरात मतांच्या बदल्यात नोकऱ्या वाटणाऱ्या स्थानिक राजकारणाने आयरिश तरुणांना पोलिसांत शिरकाव दिला, आणि काही दशकांत हा धंदा त्यांच्या वस्त्यांत घरोघर पोहोचला. बाप, काका, भाऊ एकाच दलात असलेली घरे न्यूयॉर्कमध्ये खरोखर आहेत. आयरिश वंशाच्या पोलिसांची एमराल्ड सोसायटी १९५३ पासून चालू आहे. रेगन कुटुंब या वास्तवाचे ठसठशीत, थोडेसे इस्त्री केलेले चित्र आहे.

इस्त्री कुठे केली आहे हे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कचा पोलीस आयुक्त महापौर नेमतो आणि महापौरच घालवतो; ते पद गणवेशाचे नसून मुलकी आहे. मालिकेत महापौर येतात-जातात (कार्टर पूल, मार्गारेट डटन, पीटर चेस), फ्रँक जागेवरच असतो. याच १४ वर्षांत खऱ्या शहराने आठ आयुक्त पाहिले : रेमंड केली, विल्यम ब्रॅटन, जेम्स ओनील, डर्मॉट शे, पहिली महिला आयुक्त कीशँट सुएल, एडवर्ड कॅबन, हंगामी थॉमस डॉनलन आणि अखेरचा भाग दाखवला जाण्याच्या तीनेक आठवडे आधी पदावर आलेल्या जेसिका टिश. डॅनीचे ५४ वे आणि जेमीचे १२ वे पोलीस ठाणे शहराच्या यादीत नाहीच. हे स्वातंत्र्य कथेला देता येते. मात्र भाऊ तपास करतो, बहीण त्याच खटल्यात सरकारी वकील, आणि दोघांचा बाप खात्याचा प्रमुख, ही मांडणी कोणत्याही न्यायालयात हितसंबंधांच्या आक्षेपावर पहिल्या दिवशीच अडखळेल. वाढणारा आपला असला की पंगतीच्या शेवटी बसले तरी चालते, असे आपल्याकडे म्हणतात. रेगन कुटुंबात तर वाढणारेही तेच आणि जेवणारेही तेच. मालिका हा आक्षेप टाळत नाही. पात्रे स्वतःच तो बोलून दाखवतात, त्यावर भांडतात, आणि मग प्रत्येक वेळी आपसांतल्या सचोटीने तो मिटतो. सोय म्हणतात ती हीच.

टीकेचा मोठा भाग इथूनच सुरू होतो. संशयितांना रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या न्यूयॉर्क पोलिसांच्या पद्धतीबद्दल ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती ज्या रीतीने राबवली जाते ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. मालिकेतल्या पोलिसांवर मात्र आरोप बहुधा खोटे किंवा अर्धवट निघत. वार्ताहर, कार्यकर्ते आणि बचावाचे वकील अनेकदा अडथळ्यासारखे रंगवले जात. डॅनीने संशयिताला भिंतीवर आपटले तर ते चुकीचे असल्याचे कोणीतरी म्हणे, पण माहिती हाती लागे आणि जीव वाचे. ‘कलर ऑफ चेंज’ या नागरी हक्क संघटनेच्या जानेवारी २०२० मधील अहवालात २०१७-१८ च्या हंगामातील २६ गुन्हेमालिका तपासल्या होत्या. नायकांचा बेकायदा वागण्याकडे असलेला कल अशा मालिका सवयीचा करून टाकतात, हे त्याचे मुख्य म्हणणे. त्यानंतर चारच महिन्यांनी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि हा वाद सगळ्याच पोलीस-मालिकांच्या दारात आला. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या अकराव्या पर्वात व्हूपी गोल्डबर्ग यांनी साकारलेली नगर परिषदेची अध्यक्षा फ्रँकसमोर हे प्रश्न घेऊन उभी राहते. दोघांची खडाजंगी लेखनाच्या दृष्टीने जोरकस आहे. ती घडते मात्र फ्रँकच्याच अंगणात, आणि प्रेक्षकाची सहानुभूती आधीच वाटून झालेली असते.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे नोंदवले पाहिजे. फ्रँकला मालिकेने निर्दोष ठेवलेले नाही. तो हट्टी आहे, मुलांना सांगायच्या गोष्टी दाबून ठेवतो आणि तत्त्वासाठी जवळच्या माणसाला दुखावतो. खात्यातल्या माणसाला पाठीशी घालावे की कायद्यापुढे उभे करावे, हा त्याचा नेहमीचा पेच, आणि उत्तर दर वेळी सारखे येत नाही. एरिन डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या निवडणुकीत उतरते आणि पुढे माघार घेते, तो कथाभाग सत्ता आणि घर यांतील ताण बऱ्यापैकी खरेपणाने दाखवतो.

ग्रीन आणि बर्जेस ही जोडी ‘द सोप्रानोज’च्या लेखकवर्गातली होती. माफिया कुटुंबाच्या त्या मालिकेतही रविवारचे जेवण असे. त्याच लेखणीने पुढे टेबल तेच ठेवले आणि भोवतीची माणसे कायद्याच्या बाजूला बसवली. त्या मालिकेतील लोरेन ब्रॅको आणि स्टीव्ह शिरिपा हे दोघे इथेही आले; ब्रॅको महापौर डटन म्हणून, शिरिपा एरिनचा तपासनीस अँथनी अबेटेमार्को म्हणून.

चित्रीकरण मुख्यतः न्यूयॉर्कमध्येच झाले. ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंटच्या स्टुडिओत आणि शहराच्या रस्त्यांवर. कोविडच्या टाळेबंदीमुळे दहावे पर्व १९ भागांवर आटोपले. शेवटचे पर्व २०२३ च्या लेखक आणि नटांच्या संपानंतर दोन तुकड्यांत, १८ भागांचे झाले. बंद करण्याचा निर्णय वाहिनीचा होता. सेलेक यांनी त्याबद्दलची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली.

‘एंड ऑफ टूर’ या शेवटच्या भागात महापौर चेस यांच्यावर गोळीबार होतो, टोळ्यांनी शहर वेठीला धरलेले असते आणि एडीचा जोडीदार बदिल्लो मारला जातो. जेमी-एडीला मूल होणार असल्याची बातमी कळते. डॅनी आपली जोडीदार मारिया बाएझ (मारिसा रामिरेझ) हिला पिझ्झा खायला चल म्हणतो. मग टेबल. नातवंडेही परतलेली.

१७ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच वाहिनीवर, त्याच शुक्रवारच्या दहाच्या वेळेला ‘बॉस्टन ब्लू’ ही पुढची मालिका सुरू झाली. तीत डॅनी बॉस्टनला जातो आणि लीना सिल्व्हर (सोनेक्वा मार्टिन-ग्रीन) या डिटेक्टिव्हबरोबर काम करतो. तिचेही कुटुंब पोलीस, सरकारी वकील आणि धर्मोपदेशकांचे. कृष्णवर्णीय आणि ज्यू. त्यांचे एकत्र जेवण शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावून होते.